सायकलची ट्यूब आणि ताणलेले मासे

सुक्या मासळीच्या दुकानातली वाकटी पुणेकरांच्या ओळखीची आहे. पट्टीसारखं लांब, चपटं अंग. त्याच कुळातली एक नामशेष प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे अनेंकेलम. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस भागात, एंगी गावाजवळच्या काळ्या पाटीच्या दगडात तिचे जीवाश्म सापडतात. वय सुमारे 3 कोटी वर्षं. आज जिथे आल्प्स आहे तिथे तेव्हा खोल समुद्र होता. हयात असलेला तिचा भाऊबंद लेपिडोपस शेकडो मीटर खोलीवर वावरतो, आणि काही अभ्यासक तर अनेंकेलमला लेपिडोपसमध्येच जमा करतात.

ग्लारुसचा हा दगड पातळ सुटतो, म्हणून त्याच्या शाळेच्या पाट्या होत. (याच खोऱ्यातल्या एल्म गावावर 1881 साली पाटीच्या खाणीने पोखरलेला डोंगर कोसळला, शंभरावर माणसं गेली.) दगडाला हा गुण आला तो आल्प्स घडतानाच्या दाबामुळे. चिखलाचा थर एका बाजूने दबला, दुसऱ्या बाजूला ताणला गेला. आतले माशांचे सांगाडेही तसेच ताणले गेले, आणि घोटाळा इथेच झाला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लाँव्हिलने 1818 मध्ये प्रजातीला नाव दिलं. पुढे जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई अगासीने सडपातळ मासा ही एक जाती, रुंद मासा ही दुसरी, अशी विभागणी केली. 1886 मध्ये वेटस्टाइनने दाखवलं की त्यातल्या बऱ्याच जाती म्हणजे एकच मासा, वेगवेगळ्या दिशेने ताणलेला.

हे घरीही करून बघता येतं. सायकलची जुनी ट्यूब लांबीत चिरून सपाट करा. तिच्यावर खडूने 4 सेंटीमीटर लांब, 1 सेंटीमीटर रुंद असे तीन मासे काढा: एक ट्यूबच्या लांबीत, एक आडवा, एक तिरपा. मग ट्यूब दीडपट ताणा. लांबीतला मासा साधारण 6 बाय 0.8 होतो, आडवा 3.3 बाय 1.5. एकाचं लांबी-रुंदीचं प्रमाण सातापलीकडे गेलं, दुसऱ्याचं जेमतेम सव्वादोन! तिरपा मासा तर कलतो. 45 अंशात काढला असेल, तर पाठीचा कणा आणि त्यावर काटकोनात काढलेला काटा यांच्यातला कोन 90 वरून सुमारे 57 अंशांवर येतो. ट्यूब जिथे धरता, तिथे रबर मोकळेपणी अरुंद होत नाही आणि मापं चुकतात. मासे मध्यभागीच काढा.

खऱ्या दगडात मूळ आकार कुणी पाहिलेला नसतो. म्हणून आधी मोजायचं ते ताणाने न बदलणारं: मणके किती, परांतले काटे किती. मग एकाच फरशीवरच्या माशांची दिशा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण नोंदायचं. प्रमाण दिशेनुसार क्रमाने बदलत असेल, तर दोष दगडाचा. एकटाच सरळ मासा हाती असेल तर त्यावरून काही ठरत नाही; तो मुळातच सडपातळ होता की ताणला गेला, हे कसं कळणार?

सगळ्यात खणखणीत पुरावा मात्र वाकलेल्या माशाचा. कणा कमानीसारखा वळलेला असला, की ताणाच्या दिशेतले मणके लांबट आणि बारीक दिसतात, आणि त्याच कण्यावर पुढे, वळण ओलांडल्यावर, आखूड आणि जाड.