नकाशात काय दाखवायचं, काय झाकायचं

गोव्यात नकाशावरून मोर्चे निघालेले आहेत. कुठली जमीन कशासाठी ते ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला, कारण शेतं आणि डोंगर वसाहतीच्या, म्हणजे घरं बांधता येतील अशा जमिनीच्या, रंगात रंगवलेले लोकांनी पाहिले आणि लोक रस्त्यावर आले. पुढे २०२१ पर्यंतच्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमलं गेलं. मसुद्याचे नकाशे २००८ मध्ये पंचायतींपर्यंत पोचले आणि ग्रामसभांनी आपापल्या गावाच्या कागदावर बोट ठेवून सांगितलं, की इथे झर आहे, ही राय (देवराई) आहे, हे आमचं खाजन आहे. २०११ मध्ये तो आराखडा अधिसूचित झाला आणि २०१२ मध्ये स्थगित. म्हणजे गावाने नकाशा भरायचा आणि त्याचं काय करायचं ते दुसऱ्याने ठरवायचं, हा अनुभव आपल्याला इंटरनेटच्या नकाशांआधीपासून आहे.

आता तोच प्रश्न मोबाइलमध्ये आला आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा स्टीव्ह कोस्ट याने २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केला. त्याची रचना साधी आहे. बिंदू, बिंदू जोडून झालेल्या रेषा, आणि अशा रेषांचे व बिंदूंचे गट. प्रत्येकाला एक खूण चिकटवायची: ही विहीर, हा रस्ता, हे भातशेत. खातं उघडलं की कुणीही भर घालू शकतो. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, आधी काय होतं, हे सगळं जपून ठेवलेलं असतं आणि कुणालाही बघता येतं. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं बघून तिथले रस्ते आणि पडझड काही दिवसांत नकाशावर उतरवली, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. या कामाचं मोल कमी लेखू नये.

पण जो नकाशा दुरून भरता येतो, तो दुरून चुकीचाही भरता येतो. ही चूक कशी होते ते खाजनात नीट दिसतं.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. ती भरतीच्या पातळीखाली असते आणि खाडीचं पाणी बांधाने अडवलेलं असतं. बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार, असते. भरतीचं पाणी बाहेरून लोटू लागलं की मानशीची लाकडी दारं त्याच जोराने मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर निघून जातं. पावसात इथे खारं पाणी सोसणारं भात होतं. कापणी झाली की तेच खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जातं आणि मासळी, सुंगटं (कोळंबी) वाढतात. मानशीवर जाळं लावण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. भाताचा हक्क कुळाचा, मासळीचा पावणी घेणाऱ्याचा, बांध राखायची जबाबदारी कूळ संघाची. एकाच जमिनीवर ऋतूप्रमाणे हक्क बदलतात.

आता उपग्रहाचं चित्र घ्या. ऑक्टोबरचं असेल तर पिकलेलं भात दिसेल. फेब्रुवारीत पाणी. मेमध्ये भेगा पडलेला चिखल. पुण्यात किंवा बर्लिनमध्ये बसलेला स्वयंसेवक जे चित्र समोर आहे त्यावरून खूण लावणार: शेती, पाणथळ, मत्स्यतळं किंवा पडीक. त्याचा हेतू चांगला असतो. पण शेती म्हटलं की मासळीवाला नकाशातून गेला, पाणथळ म्हटलं की कूळ गेलं, आणि पडीक म्हटलं की ती जमीन विकत घेऊ पाहणाऱ्याच्या हाती आयतं चित्र आलं. मानस तर चित्रात दिसतच नाही. बांधावरचा तो एवढासा ठिपका असतो, आणि सगळं खाजन मात्र त्याच्यावर उभं असतं.

याहून अवघड गोष्ट खारफुटीची. बांध फुटला, दुरुस्त झाला नाही, की दोनचार वर्षांत शेतात खारफुटी शिरते. खुल्या नकाशाचा नियम असा, की जमिनीवर जे आहे ते दाखवा. म्हणून स्वयंसेवक खारफुटी लिहितो आणि नियमाने तो बरोबर असतो. शेतकरी म्हणतो, हे माझं शेत आहे, बांध फुटलाय इतकंच. तोही बरोबर असतो. खारफुटीला किनारी नियमांत संरक्षण आहे, ते असायलाच हवं. २०११ च्या किनारी अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत: खाजनं नकाशावर आणायची, त्यांचं आणि त्यांच्या कडेच्या खारफुटीचं रक्षण करायचं. स्वयंसेवकाच्या खुणेला कायद्याची मान्यता नाही हे खरं. पण चित्र एकदा सगळीकडे पसरलं की ते बातमीत येतं, अहवालात येतं, सुनावणीत समोर ठेवलं जातं. माझ्या मते इथे ‘जे दिसतं ते दाखवा’ हा नियम अपुरा पडतो. काय होतं आणि कशामुळे बदललं, हेही नोंदवता आलं पाहिजे.

सरकारी नकाशा दुरून केला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यावर २०२१ च्या मार्चमध्ये जनसुनावणी झाली तेव्हा लोकांची तक्रार हीच होती. खाजनं, बांध, मानशी, वाळूच्या टेकड्या, रांपणकारांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) होड्या ओढायच्या जागा कागदावर नाहीत किंवा अपुऱ्या आहेत, असं गावोगावचे लोक सांगत होते. अशा वेळी गावाने स्वतः चालून केलेला नकाशा हातात असणं ही मोठी ताकद असते. फक्त मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो आणि झाडाखाली त्याहून जास्त. बांध कुठून कुठे जातो हे त्याने दाखवता येतं. सर्व्हे नंबरच्या हद्दीचं भांडण त्याने मिटवायला जाऊ नये.

इथवर प्रश्न नकाशात येण्याचा होता. नकाशात न येण्याचा हक्कही तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात देवराया आहेत. काहींत रानजायफळाची दलदल आहे, झाडांची मुळं पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली. त्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एखादा धबधबा नकाशावर ठिपका म्हणून आला, त्याला फोटो जोडले गेले, की पावसाळ्यातल्या रविवारी तिथे किती गाड्या लागतात हे सत्तरी-सांग्यातल्या लोकांना विचारा. रायीत शिरायचे गावाचे नियम असतात: पायताण बाहेर काढायचं, फांदी तोडायची नाही. ठिपका बघून येणाऱ्याला ते कोण सांगणार?

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाने यावर एक तोडगा काढला आहे. धोक्यातल्या प्रजातींची नोंद झाली की नेमकी जागा इतरांना दिसत नाही. ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनातला कुठलाही एक बिंदू दाखवला जातो. गोव्याच्या अक्षांशावर हा चौकोन सुमारे २२ किलोमीटर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद, म्हणजे एका मोठ्या तालुक्याएवढा भरतो. संशोधनाला एवढी माहिती पुष्कळदा पुरते आणि शिकाऱ्याला ती निरुपयोगी असते. उपाय चांगला आहे, पण त्यात एक फट आहे. तोच फोटो कुणी मोबाइलवरून मूळ फाइल म्हणून पाठवला, तर त्याच्या पोटात अक्षांश-रेखांश असू शकतात. शिवाय झाकायचं काय, ते प्रजातींच्या यादीवरून ठरतं. रायीतल्या देवाची जागा कुठल्याही यादीत नसते.

खुलेपणाची आणखी एक बाजू पैशाची आहे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती, श्रेय दिलं आणि परवान्यातल्या अटी पाळल्या, की कुणालाही धंद्यासाठी वापरता येते. मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनची क्लाउड कंपनी आणि टॉमटॉम यांनी २०२२ मध्ये नकाशांची खुली माहिती एकत्र करणारं ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन काढलं, त्यातही ही माहिती आहे. गावातल्या मुलीने दुपारभर चालून भरलेली झरीकडची पायवाट उद्या कुणाच्या प्लॉट विकायच्या ॲपमध्ये ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणून येऊ शकते. ते बेकायदा नाही. म्हणूनच माहिती भरायच्या आधी हे त्या मुलीला आणि तिच्या वाड्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे. न सांगता भरून घेतलेल्या नकाशाला मी सहभागाचा नकाशा म्हणणार नाही.

तरीही खुल्या नकाशाची एक गोष्ट सरकारी नकाशाने जरूर घ्यावी: बदलांचा उघडा इतिहास. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या १७(२) कलमाने आराखड्यातली अनवधानाने राहिलेली चूक दुरुस्त करायची म्हणून भूखंडांचा विभाग बदलायची वाट उघडली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. भांडणाचं मूळ हेच होतं, की चूक कशाला म्हणायचं आणि ते कोण ठरवणार. खुल्या नकाशात भाताचं शेत वसाहत झालं तर कुणी केलं ते नावासह, तारखेसह लगेच दिसतं आणि आधीची स्थिती परत आणता येते.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. जैवविविधता कायदा २००२ खाली पंचायत पातळीवर समित्या आहेत आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवणं हे त्यांचं कामच आहे. त्याच वहीला दोन नकाशे जोडता येतील. एक सगळ्यांसाठी: बांध, मानशी, पाणंदी, होड्यांच्या जागा. पाऊस, कापणीनंतर आणि उन्हाळा अशा तिन्ही वेळी चालून केलेला, कुळं, रांपणकार आणि खुबे-तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन, कारण चिखलातली त्यांची जागा दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. दुसरा नकाशा पंचायतीत राहील: राया, औषधी झाडांच्या जागा, झरींची मुखं. पहिल्यातलं दुसऱ्यात काय हलवायचं आणि दुसऱ्यातलं कुणाला दाखवायचं, ते ग्रामसभेत ठराव करून ठरेल, आणि ठरावाची प्रत नकाशाला जोडलेली असेल.