पार्क ॲव्हेन्यूवरचा किल्ला

न्यूयॉर्कमध्ये पार्क ॲव्हेन्यूवर, ६६व्या आणि ६७व्या रस्त्यांच्या मधोमध लाल विटांचा एक किल्ला उभा आहे. बुरूज, चर्या, अरुंद खिडक्या, जाडजूड लाकडी दरवाजा, सगळा थाट गढीचा. हे सातव्या रेजिमेंटचं शस्त्रागार, १८८० साली वापरात आलेलं. तोवर तोफांपुढे असले तट निरुपयोगी ठरले होते. मग ते बांधले कशाला?

बांधणाऱ्यांना धास्ती होती ती आपल्याच शहरातल्या जमावाची. सातवी रेजिमेंट म्हणजे श्रीमंत घरांतल्या स्वयंसेवकांची पलटण, आणि शहरातले दंगे मोडणं हे तिचं नेहमीचं काम. १८४९ मध्ये ॲस्टर प्लेसच्या दंग्यात तिने गर्दीवर गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून अधिक माणसं मेली. जुलै १८७७ मध्ये पगारकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा प्रचंड संप झाला. बाल्टिमोरमध्ये संतप्त जमावाने सैनिकांना त्यांच्याच शस्त्रागारात कोंडलं. न्यूयॉर्कच्या इमारतीचा बेत आधीपासून होता, पण या संपानंतर धनिकांच्या थैल्या सैल झाल्या आणि त्याच वर्षी पायाभरणी झाली. पुढे अमेरिकेतल्या शहराशहरांत अशा गढ्या उठल्या. दगड, मशाली, पिस्तुलं यांच्यापुढे विटांची भिंत पुरेशी होती. बाकीचं काम तिच्या नुसत्या दर्शनानेच व्हावं, अशी अपेक्षा होती. मला तर ही वास्तुकला म्हणजे उघड धमकीच वाटते.

खरी कमाल मात्र या दर्शनी भागाच्या मागे आहे. शेकडो माणसांना एकदम कवायत करता यावी म्हणून मध्ये एकही खांब नसलेलं दालन हवं होतं. इथेच पंचाईत होते. सरळ तुळईवर सारखा भार असेल, तर तिला वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लांबी दुप्पट झाली की जोर चौपट. दोनशे फुटांवर लाकडी तुळई टाकणं शक्यच नव्हतं. वास्तुकार चार्ल्स क्लिंटन, हे स्वतः या रेजिमेंटचे जुने सैनिक, त्यांनी उत्तर घेतलं ते रेल्वे स्थानकांच्या छतांकडून: लोखंडी कमानी.

कमानीत भार वक्राकार वाटेने, मुख्यतः दाबाच्या रूपात, खाली उतरतो. पायथ्याशी मात्र ती बाहेरच्या बाजूला रेटा देते. तो भक्कम पायाने तरी पेलावा लागतो, नाहीतर दोन्ही टोकं ओढून धरणाऱ्या पट्ट्यांनी. कमानीचं अंग भरीव ठेवलं तर तिचं स्वतःचंच वजन डोईजड होतं, म्हणून ते त्रिकोणांच्या जाळीचं करतात. चौकोन कोपऱ्यांत मुडपतो, पण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. त्यामुळे थोड्या लोखंडात मोठा ताठरपणा मिळतो. अशा कमानींखाली सुमारे ५५ हजार चौरस फुटांचं दालन तयार झालं, उंची साधारण ८० फूट. समोरून मध्ययुग आणि मागून त्या काळातलं अगदी आधुनिक अभियांत्रिकी, अशी ही जोडइमारत आहे.

इमारतीला पुढे नवं आयुष्य मिळालं ते या छतामुळे. आज तिथे नाटकं, प्रदर्शनं, मैफली होतात. एवढ्या अवाढव्य पोकळीत आवाज बराच वेळ घुमत राहतो, कारण घुमण्याचा काळ दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांमुळे कमी होतो. जलद लयीच्या संगीताला हे मारक. पण २०१२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने इथे तीन वाद्यवृंद तीन बाजूंना बसवून, मधल्या श्रोत्यांभोवती सूर फिरवणारी रचना वाजवली. नेहमीच्या सभागृहात तशी मांडणी करायला जागाच नव्हती.