जास्वंदीचं एक फूल आणि पन्नास पोरं : डॉक्युमेंट कॅमेरा आला कुठून

जास्वंदीचं फूल उभं कापून आतला अंडाशय वर्गाला दाखवायचा म्हणजे काय वैताग असतो ते विज्ञान शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. फूल एक, पोरं पन्नास. मग फूल हातात धरून बाकांमधून फिरायचं, पहिल्या रांगेला नीट दिसतं, तिसऱ्या रांगेपर्यंत पाकळ्या मलूल होतात आणि शेवटच्या बाकावरचा "दिसलं सर" म्हणतो तेव्हा त्याला काहीही दिसलेलं नसतं हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. व्हर्नियर कॅलिपरवरची रेघ, कंपासने कोन दुभागताना टोक नेमकं कुठे ठेवायचं, बाराखडी गिरवताना हात कुठून सुरू करायचा, सगळीकडे रडगाणं तेच. डॉक्युमेंट कॅमेरा, म्हणजे दांडीवर उलटा टांगलेला, खाली टेबलाकडे बघणारा कॅमेरा, याच दुखण्यावर आलाय. पण हे औषध शोधायला जवळजवळ सव्वातीनशे वर्षं लागली, आणि ती गोष्ट मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त भारी वाटते.

सुरुवात जादूच्या कंदिलापासून. 1659 च्या सुमारास हॉलंडमध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने तो बनवला. मागे दिवा, मध्ये काचेवर रंगवलेलं चित्र, पुढे भिंग. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये याच जातीच्या खेळाला 'शांभरिक खरोलिका' असं दणदणीत नाव देऊन लोकांना पडद्यावर चित्रं दाखवली, म्हणजे सिनेमा यायच्याही आधी. पण यात गोम अशी की चित्र काचेवर आधी काढून ठेवावं लागतं. वर्गात एखाद्याने झाडाचं पान आणलं आणि म्हणाला हे दाखवा, तर कंदील काही कामाचा नाही.

ही अडचण सोडवायला बसला कोण तर लिओनार्ड ऑयलर, हो, तोच गणितवाला. 1756 च्या आसपास त्याने असं यंत्र करून दाखवलं की ज्यात काच लागत नाही, अपारदर्शक वस्तूवर उजेड टाकायचा आणि परत येणारा प्रकाश भिंगातून पडद्यावर न्यायचा. पुढे 1780 च्या सुमारास फ्रान्समध्ये जाक शार्लने तसंच 'मेगास्कोप' केलं आणि आपल्या व्याख्यानांत वापरलंसुद्धा. हा शार्ल म्हणजे आपण रट्टा मारलेल्या 'चार्ल्सच्या नियमा'तला चार्ल्स. म्हणजे वायू तापवणारा माणूस वर्गात वस्तू कशी दाखवायची याच्याही मागे लागला होता, हे पुस्तकात कधी कुणी सांगितलं नाही!

मग तेव्हाच प्रश्न का नाही मिटला? उजेडामुळे. काचेतून प्रकाश सरळ आरपार भिंगात जातो, पण कागदावर किंवा पानावर पडलेला प्रकाश चहूकडे पांगतो आणि भिंगाच्या वाट्याला त्यातला चिमूटभर येतो. मग दिवा प्रचंड लागतो, खोलीत काळोख लागतो, आणि वस्तू तापते ती वेगळीच. अमेरिकेत हेन्री मॉर्टनने 1872 च्या आसपास फिलाडेल्फियाच्या ऑपेरा हाउसमध्ये, जिथे साडेतीन हजार माणसं बसायची, असं दाखवलं, पण त्यासाठी ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीवर चालणारा दिवा वापरला. शाळेत कोण पेटवणार तो? विसाव्या शतकात कॉलेजांमधून एपिडायस्कोप नावाची पेटी आली, पुस्तकाचं पान थेट दाखवायची, पण अंधार हवाच. आणि अंधारात मुलं लिहिणार काय आणि मास्तर बघणार काय.

म्हणून मध्येच ओएचपीने, म्हणजे पारदर्शक फिल्मवर लिहिलेलं पडद्यावर टाकणाऱ्या ओव्हरहेड प्रोजेक्टरने, बाजी मारली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने प्रशिक्षणासाठी तो भरपूर वापरला, मग 3एम कंपनीत रॉजर अ‍ॅपलडॉर्नने प्रोजेक्टर आणि त्यावरच्या पारदर्शक फिल्मचं तंत्र बसवलं आणि साठच्या दशकात तो शाळाशाळांत शिरला. त्याची खरी कमाई माझ्या मते एकच: मास्तरने पहिल्यांदा फळ्याकडचं तोंड वर्गाकडे फिरवलं आणि लिहिता लिहिता पोरांकडे बघू लागला. पण फिल्म पुन्हा आधी तयार करायचीच. आमच्या बी.एड.च्या पाठाला मी रात्रभर जागून मार्करने पचनसंस्था काढली होती, सकाळी घाईत फिल्म उलटी ठेवली आणि यकृत डावीकडे गेलं. परीक्षक हसले, मार्क मात्र कापलेच.

खरी गाठ सुटली ती व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे. 1988 मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात ऑस्ट्रियाची वुल्फव्हिजन आणि जपानची एल्मो यांनी डॉक्युमेंट कॅमेरे मांडले. एल्मो 1921 ची नागोयाची जुनी कंपनी, आधी फिल्म प्रोजेक्टर करायची. इथे युक्ती बघा, वस्तू बघायचं काम कॅमेऱ्याकडे आणि पडदा उजळायचं काम प्रोजेक्टर किंवा टीव्हीकडे, दोन्ही एकमेकांपासून सुटली, त्यामुळे वस्तूवर खोलीतला साधा उजेड असला तरी चालतं. ऑयलर जिथे अडकला ती गाठ ही. सुरुवातीला महाग आणि जडशीळ प्रकरण होतं, मीटिंग हॉलवाल्यांचं, नंतर वेबकॅमचे भाग स्वस्त झाले, यूएसबीवर चालणारे हलके कॅमेरे आले आणि मग शाळांना परवडायला लागले. अमेरिकेतल्या शाळांत कितीतरी शिक्षक याला सरळ 'एल्मो'च म्हणतात, आपण झेरॉक्स म्हणतो तसं. इंग्लंडात व्हिज्युअलायझर. जपानीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'खरी वस्तू पडद्यावर टाकणारं यंत्र', आणि तेच मला सगळ्यात चपखल वाटतं, कारण डॉक्युमेंट म्हटलं की लोक कागदच ठेवत बसतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांना हे यंत्र न बघताच कळलं, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवून वर मोबाईल आणि खाली वही, असा एका शिक्षिकेचा फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने तर कपड्यांच्या हँगरला चिंध्यांनी मोबाईल बांधून फळ्यासमोर टांगला होता. मी पोहे-साखरेचे डबे लावले आणि पहिल्या दिवशी वही पोरांना उलटी दिसत होती, वीस मिनिटांनी एकीने हळूच विचारलं, सर आम्ही पण मोबाईल उलटा धरू का?

आता शाळेत दांडीवाला कॅमेरा आहे. परवा जास्वंद कापून खाली ठेवली, फोकस केला, अंडाशय पडद्यावर पेरूएवढा, आणि तेवढ्यात पाकळीच्या बुडातून एक मुंगी निघाली, पडद्यावर उंदराएवढी, शेवटचा बाक उठून उभाच राहिला. मग दहा मिनिटं मुंगीच शिकवली.