मीटरमधली छेडछाड : वाढीव बिल की फौजदारी गुन्हा?

मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांत वीज पोचली ती महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर. तेव्हा १९१० चा वीज कायदा चालायचा. १९८६ च्या दुरुस्तीनं त्यात वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आकडा टाकलेला सापडला तर फारसा वाद नसायचा. मीटरचं तसं नव्हतं. साठच्या दशकातच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की मीटरच्या झाकणावरचं स्टडचं (खिळीचं) भोक उघडं दिसलं, एवढ्यानं ते वीज चोरण्याचं साधन ठरत नाही.

हे चित्र पालटलं १० जून २००३ ला, २००३ चा नवा वीज कायदा लागू झाला तेव्हा. मीटरशी छेडछाड, लूप (तारेचा वळसा) जोडणं, नोंद चुकेल असं कोणतंही साधन बसवणं हे सगळं कलम १३५ खाली आलं. असं साधन सापडलं की ग्राहकानंच अप्रामाणिकपणे वीज घेतली असं गृहीत धरलं जातं; तसं नाही हे दाखवायचं ओझं ग्राहकावर. १५ जून २००७ च्या दुरुस्तीनं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला. वीज कंपनीच्या पथकाला चोरी दिसली की वीज लगेच तोडता येते, मात्र तोडल्यापासून २४ तासांत पोलिसांत तक्रार द्यावी लागते.

खरा गुंता पुढे आहे. ‘छेडछाड केलेल्या मीटरमधून वापर’ हे शब्द कलम १२६ मध्येही आहेत, आणि तिथं त्याला म्हणतात अनधिकृत वापर. म्हणजे एकच मीटर, एकच तुटलेलं सील, पण एका कलमाखाली दुप्पट दरानं बिल आणि दुसऱ्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्हींतला फरक स्पष्ट केला: १२६ ला हेतू लागत नाही, १३५ ला अप्रामाणिक हेतू हवाच. २०१९ मध्ये आणखी एक निकाल आला, चोरीचा खटला असला तरी १२६ खाली आकारणी, म्हणजे वापर ठरवून बिल लावणं, करता येते. कायद्याच्या दृष्टीनं हे सुसंगत असेल. पण हेतूची पहिली नोंद होते ती घराच्या ओट्यावर, पंचनामा लिहिताना, आणि पुढचं प्रकरण त्याच दोन-चार ओळींवर चालतं. म्हणून सीलची अवस्था, सीलचा क्रमांक, त्या वेळचं रीडिंग हे पंचनाम्यात आलं का, हे सही करण्याआधी वाचलंच पाहिजे.

बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातं. मग कित्येक महिने घराला कुलूप, नाहीतर आत एखादी म्हातारी आणि नातवंडं. रीडिंग जवळपास हलत नाही. कमी रीडिंग हे शंकेचं कारण असू शकतं, पुरावा नव्हे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत राहत्या घराची झडती घरातल्या सज्ञान पुरुषासमोरच घेता येते, असं कायदा म्हणतो. दिवसाच्या झडतीला ही अट नाही. पण झडतीच्या वेळी घरात राहणाऱ्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणीतरी हजर राहायचं, जप्त वस्तूंच्या यादीवर सही करायची आणि ती यादी त्यांना मिळायची, हे दोन्ही वेळा लागू आहे. आजीच्या हातात ती यादी पडायलाच हवी.

घरगुती जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार, सहसा १० किलोवॅटच्या आतच असतो. तिथं पहिल्यांदा दोषी ठरल्यावर दंड चोरीतून झालेल्या फायद्याच्या किमान तिप्पट, दुसऱ्यांदा सहापट. तडजोडीची, म्हणजे ठरलेली रक्कम भरून खटला मिटवण्याची, वाटही आहे: कायद्याच्या तक्त्यात घरगुती वापर ‘इतर सेवा’त मोडतो आणि तिथला दर किलोवॅटला ४,००० रुपये. ही रक्कम स्वीकारली गेली की ती निर्दोष सुटका मानली जाते. गावागावांत समज असा की तडजोड भरली म्हणजे सगळं मिटलं. तसं नाही, आकारणीचं बिल वेगळं राहतं. त्याविरुद्ध अपील करायचं तर अंतिम आदेशापासून ३० दिवसांत, आणि निम्मी रक्कम आधी भरून. २००७ पूर्वी एक तृतीयांश पुरायची. चोरीच्या प्रकरणात आकारलेली रक्कम भरल्यावर ४८ तासांत वीज जोडून देणं कंपनीवर बंधनकारक आहे, तक्रार चालू असली तरी. तडजोडीची सवलत मात्र एका ग्राहकाला एकदाच.