पालथी स्थिती : तीव्र श्वसन-अपयशातील उपचार

पालथी स्थिती : व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला दिवसातले सोळा-सोळा तास पोटावर निजवून ठेवण्याची अतिदक्षता विभागातली उपचारपद्धती. डॉक्टर आणि सिस्टर बोलताना तिला ‘प्रोन करणे’ म्हणतात. फुफ्फुसांना तीव्र सूज येऊन ती पाण्याने भरतात आणि कितीही ऑक्सिजन दिला तरी रक्तात पोचत नाही, अशा ‘एआरडीएस’ नावाच्या विकारात ती वापरतात. तिच्यासाठी औषध किंवा यंत्र विकत आणावे लागत नाही. चार-पाच माणसांचे हात, उशा, चादरी आणि सगळ्यांचे पुरते लक्ष एवढे पुरते. तरीही या पद्धतीवरचा पहिला लेख १९७६ मध्ये आला आणि तिने जीव वाचतो हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. मधल्या सदतीस वर्षांत डॉक्टर चुकीच्या आकड्याकडे पाहत होते, असे आता मागे वळून पाहताना म्हणता येते.

विकार : अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बारा रुग्णांचे वर्णन केले. कोणी अपघातात जखमी झालेले, कोणाला न्यूमोनिया, कोणाला स्वादुपिंडाचा दाह. कारणे वेगवेगळी, पण चित्र एकच. श्वास जोरात, ओठ निळे, फुफ्फुसे ताठर. बारांपैकी सात जण दगावले. आपल्याकडे हाच विकार न्यूमोनियातून, पोटातल्या जंतुसंसर्गातून, पावसाळ्यातल्या लेप्टोमधून, मलेरियातून होतो. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली आणि पुढे कोविड आला, तेव्हा तो सामान्य लोकांच्याही बोलण्यात आला, फक्त त्या नावाने नाही.

विकाराची तीव्रता एका साध्या भागाकाराने मोजतात. धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब भागिले रुग्णाला दिलेल्या हवेतील ऑक्सिजनचा अंश. निरोगी माणसात हे उत्तर साडेचारशेच्या आसपास येते. व्हेंटिलेटरमधून ६० टक्के ऑक्सिजन चालू असताना रक्तातला दाब ७२ मिलिमीटर भरला, तर ७२ भागिले ०.६, म्हणजे १२०. २०१२ मध्ये ठरलेल्या ‘बर्लिन व्याख्ये’नुसार ३०० पर्यंत सौम्य, २०० पर्यंत मध्यम आणि १०० किंवा त्याखाली तीव्र विकार मानतात. रात्रपाळीचा डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर आधी हा भागाकार करतो.

पालथे केल्याने काय होते : फुफ्फुसाचा जास्त भाग पाठीकडे असतो. रुग्ण उताणा असला की हृदयाचा, पोटातल्या अवयवांचा आणि सुजून जड झालेल्या वरच्या फुफ्फुसाचा भार त्या पाठीकडच्या भागावर पडतो आणि तिथले वायुकोश मिटतात. इटलीत मिलान येथे लुचियानो गात्तिनोनी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. तोवर छातीच्या एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसे सारखीच पांढरी दिसत आणि सगळे फुफ्फुस आजारी आहे असा समज होता. स्कॅनमध्ये मात्र पाठीकडचा भाग घट्ट पांढरा, तर छातीकडचा काळा आणि हवेशीर दिसला. श्वासोच्छ्वास चालतो तो एवढ्याशा उरलेल्या भागावर, आणि तो भाग निरोगी पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा भरतो. मोठ्या माणसाच्या छातीत लहान मुलाचे फुफ्फुस, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पुढचे सगळे संशोधन समजते.

तेच रुग्ण पालथे केल्यावर पुन्हा स्कॅन काढले, तेव्हा पाठीकडचा भाग उघडू लागलेला दिसला. रक्तपुरवठा मात्र बराचसा पाठीकडेच राहतो, त्यामुळे जिथे रक्त तिथे हवा अशी गाठ पडते. शिवाय हवा सगळीकडे जास्त सारखी पसरते. छोट्या उरलेल्या भागावर पडणारा ताण त्यामुळे कमी होतो, आणि खरा फायदा बहुधा इथेच आहे.

आकडा आणि माणूस : या ताणाचे महत्त्व २००० मध्ये कळले. अमेरिकेतील दहा विद्यापीठीय केंद्रांवर ८६१ रुग्णांची दोन गटांत वाटणी केली होती. एका गटाला प्रत्येक श्वासाला दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला ६. इथले किलो काट्यावरचे नसतात, उंचीवरून काढलेले असतात, कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठे होत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीचा पुरुष ९० किलोचा असला तरी हिशेबात तो साडेएकसष्ट किलोचाच; त्याला एका श्वासाला सुमारे ३७० मिलिलिटर हवा मिळते. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचा आकडा मोठ्या श्वासाच्या गटात चांगला होता. जगले मात्र छोट्या श्वासाचे जास्त : मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले आणि चाचणी वेळेआधीच थांबवण्यात आली. मॉनिटरवरचा आकडा सुधारतोय म्हणून रुग्ण सुधारतोय असे समजणे किती महागात पडू शकते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या चाचण्या वैद्यकात फार नाहीत.

चाचण्यांचा इतिहास : पालथ्या स्थितीची गोष्ट याच चुकीपासून सुरू होते. १९७६ मध्ये पाच रुग्णांवर ती करून पाहिली गेली आणि ऑक्सिजन वाढला. पुढची पंचवीस वर्षे जो तो हेच पाहत राहिला. रुग्ण पालथा केला, तासाभरात आकडा चढला, उताणा केला, पुष्कळदा परत उतरला. आकडा चढतो याबद्दल वाद नव्हता. माणूस वाचतो का, हे कोणी मोजले नव्हते.

गात्तिनोनींच्या गटाने ते मोजले. ३०४ रुग्ण, रोज सरासरी सात तास पालथे, दहा दिवस. २००१ मध्ये निकाल आला : ऑक्सिजन वाढला, मृत्यूंत फरक नाही. २००४ मध्ये फ्रान्समधील ७९१ रुग्णांच्या चाचणीतही तेच. पद्धत इथेच अडगळीत गेली असती, तर कोणाला दोष देता आला नसता. पण पहिल्या चाचणीत अतिशय गंभीर रुग्णांचा एक छोटा गट होता आणि त्यात मृत्यू कमी दिसत होते. अशा मागाहून काढलेल्या गटांवर भरवसा ठेवायचा नसतो. त्यातून पुढचा प्रश्न मात्र विचारता येतो. २००६ मध्ये स्पेन आणि मेक्सिकोतल्या चाचणीत रोज सतरा तासांचा पल्ला गाठला गेला. रुग्ण होते १३६. कल चांगला दिसला, पण एवढ्या रुग्णांवर खात्री देता येईना. २००९ मध्ये ३४२ रुग्णांची आणखी एक चाचणी रिकाम्या हाताने परतली.

दर वेळी एक-एक गाठ सुटत होती. सात तास पुरत नाहीत. सौम्य आजाराच्या रुग्णांना उपयोग नाही. फार उशिरा सुरू करून चालत नाही. आणि श्वास मोठा ठेवला तर पालथे करूनही फुफ्फुस फाटतच राहते. फ्रान्समधील लिऑन येथील डॉक्टर क्लोद गेरँ यांनी हे सगळे एकत्र बांधून ‘प्रोसेवा’ ही चाचणी आखली. फ्रान्समधील २६ आणि स्पेनमधील एक अतिदक्षता विभाग, ४६६ रुग्ण, सगळ्यांचा भागाकार १५० च्या खाली. आधी बारा ते चोवीस तास थांबून आजार टिकून आहे याची खात्री केली. सर्वांना दर किलोला ६ मिलिलिटरच्या आसपासचाच श्वास. निम्म्यांना सलग किमान सोळा तास पालथे. २०१३ मध्ये निकाल आला : अठ्ठावीस दिवसांत उताण्या गटात ३२.८ टक्के रुग्ण दगावले, पालथ्या गटात १६ टक्के. नव्वद दिवसांनीही फरक टिकला, ४१ टक्के विरुद्ध २३.६ टक्के. म्हणजे साधारण सहा रुग्ण पालथे केले की एक जीव जास्त वाचतो. अतिदक्षता उपचारात एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो.

याच चाचणीची माहिती पुढच्या वर्षी पुन्हा तपासली गेली. पालथे केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन वाढला तेच जास्त वाचले का, हा प्रश्न होता. उत्तर नकारार्थी आले. म्हणून पहिल्या तासात आकडा हलला नाही म्हणून रुग्णाला परत उताणे करणे चूक आहे. ही चूक अजूनही होते.

या निकालाची एक मर्यादा नीट लक्षात ठेवायला हवी. सहभागी विभागांना या कामाचा पाच वर्षांहून जास्त अनुभव होता. ज्या टीमने पूर्वी कधी रुग्ण पालथा केलेला नाही, तिने पहिल्याच रात्री हेच आकडे मिळतील असे धरून चालू नये.

कृती : नळीतून चालू असलेले अन्न आधी थांबवतात. ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर नेतात. डोळ्यांत मलम घालून पापण्या पट्टीने बंद करतात, कारण उघड्या डोळ्याला चादर घासली तर बुबुळाला जखम होते. छातीवरचे ईसीजीचे स्टिकर काढतात. मानेतली लाइन, लघवीची पिशवी, छातीतली नळी या सगळ्यांना वळायला पुरेशी लांबी आहे का हे बोटाने माग काढून पाहतात. डोक्याशी उभा असलेला डॉक्टर श्वासनलिकेतली नळी धरतो आणि ओठांपाशी ती किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचतो, ‘बावीस’. छाती आणि कंबरेवर उशा, वरून दुसरी चादर, आणि मग खालच्या-वरच्या चादरींच्या कडा एकत्र घेऊन करंजीला मुरड घालतात तशा घट्ट वळतात. रुग्ण आत गच्च बसतो. आधी खाटेच्या कडेला सरकवायचे, मग कुशीवर, मग पालथे. ‘एक, दोन, तीन’ म्हणायचा अधिकार फक्त डोक्याशी असलेल्याचा. वळल्यावर तो पुन्हा वाचतो, ‘बावीस’, आणि सगळे श्वास सोडतात.

यानंतर एक हात वर, एक खाली, पोहणाऱ्यासारखा. दर दोन-चार तासांनी चेहरा आणि हात बदलायचे. ईसीजीचे स्टिकर आता पाठीवर. हनुवटी, गाल, छाती, गुडघे इथे दाबाच्या जखमा होतात, नळी चोंदू शकते, खांद्याच्या नसा ताणल्या जातात. मणक्याचे अस्थिर फ्रॅक्चर किंवा डोक्यातला वाढलेला दाब असेल तर हा उपचार सहसा टाळतात. यातले बहुतेक काम सिस्टर, ब्रदर आणि मावशींच्या हातचे आहे. संशोधनाच्या लेखांत त्यांची नावे नसतात, पण सोळा तास म्हणजे त्यांच्या दोन पाळ्या.

वापर : सिद्ध झालेली गोष्ट खाटेपर्यंत पोचतेच असे नाही. २०१४ मध्ये ५० देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांची पाहणी झाली. तीव्र गटातल्या रुग्णांपैकी फक्त १६.३ टक्के पालथे केले गेले होते. कोविडने हे बदलले. पीपीई किट घातलेल्या टीमने एकामागून एक रुग्ण वळवायचे, हे २०२०-२१ मध्ये रोजचे काम झाले.

त्याच काळात व्हेंटिलेटर नसलेल्या, शुद्धीवरच्या रुग्णांनाही पालथे झोपायला सांगू लागले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांसाठी उशा कुठे ठेवायच्या याची चित्रेही प्रसिद्ध केली, आणि ती महाराष्ट्रातल्या घराघरांत मोबाइलवरून फिरली. रुग्णालयात जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन घेणाऱ्या १,१२६ रुग्णांच्या, सहा देशांतल्या एकत्रित चाचणीत नळी घालण्याची वेळ येणे किंवा मृत्यू होणे हे ४६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. निव्वळ मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही. हा पुरावा रुग्णालयातला आहे. तो घरच्या खाटेवर जसाच्या तसा लागू होत नाही. खाट मिळत नसताना लोकांनी जे हाताशी होते ते केले, आणि त्यात गैर काही नव्हते. पण पालथे झोपून आकडा चढला म्हणून रुग्णालय गाठायला उशीर करणे धोक्याचे होते.

थांबवणे : उताणे केल्यानंतर चार तासांनीही, ६० टक्के किंवा कमी ऑक्सिजनवर आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात राखलेला दाब पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीएवढा किंवा कमी असताना भागाकार १५० किंवा जास्त राहिला, तर पुन्हा पालथे करत नाहीत. ‘प्रोसेवा’त एका रुग्णाला सरासरी चार वेळा पालथे करावे लागले होते. चेहऱ्यावरची सूज त्यानंतरही दोन-तीन दिवस राहू शकते. भेटीच्या वेळी आलेल्या नातेवाइकांना हे दारातच सांगून ठेवावे लागते, नाही तर आपलाच माणूस त्यांना पटकन ओळखू येत नाही.