शेकोटी सिंहाला अडवते?

‘कॅम्पात शेकोटी पेटलेली असली की सिंह फिरकत नाही’ असं आफ्रिकेला निघालेल्या माणसाला कुणीतरी सांगतंच. खोटं आहे. १८९८ साली केनियात त्सावो नदीवर रेल्वेपूल बांधणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांनी रात्रभर जाळ ठेवला, काटेरी कुंपणं घातली. तरी दोन सिंह माणसं ओढून नेतच राहिले. एका जमादाराला तर तंबूच्या उघड्या दारातून उचललं. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ जंगलात आजही भल्या महागड्या कॅम्पांना सहसा कुंपण नसतं. शेकोटी असते ती गप्पांसाठी. राखण करते तंबूची चेन! बंद कापड जनावराला भिंतीसारखं वाटतं; फट मात्र ठेवायची नाही. अंधारात जेवायला जातानाही सोबत गाईड हवाच, कारण वाटेत चरायला निघालेला पाणघोडा भेटू शकतो.