अंग बाहेर येणे : रोजचा त्रास आणि त्यातली निभावणी

अंग बाहेर येणे म्हणजे ओटीपोटातील गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय यांचा आधार सैल पडून ते योनिमार्गात खाली उतरणे. वैद्यकीय मराठीत याला गर्भाशयभ्रंश किंवा श्रोणि-अवयवभ्रंश म्हणतात. पुण्यात ससूनच्या किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर घेऊन बसलेली बाई मात्र ‘पिशवी खाली आलीये’, ‘अंग बाहेर येतं’ किंवा नुसतं ‘खाली काहीतरी लागतं’ एवढंच सांगते. या नोंदीचा भर शस्त्रक्रियेवर नसून, हा त्रास अंगावर वागवत दिवस कसा काढला जातो यावर आहे.

ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. अवयव तिच्यावर टेकतात आणि वरून बंध त्यांना धरून ठेवतात. बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते. कधी, विशेषतः चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात, स्नायू हाडापासून सुटतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा पातळ पडते. त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन, वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांची भर पडते, म्हणून तरुणपणी झालेली इजा पन्नाशीनंतर त्रास देऊ लागते. पुढची भिंत सैल पडली तर मूत्राशय उतरते, मागची पडली तर गुदाशय आणि मधून गर्भाशय. गर्भाशय काढून टाकलेल्या बाईतही योनीचा वरचा घुमट खाली येऊ शकतो. ‘पिशवी तर काढलीय, मग हे काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो.

अंग किती उतरले आहे हे योनिद्वाराची पातळी शून्य धरून सेंटिमीटरमध्ये मोजतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत ० ते ४ अशा अवस्था आहेत. मात्र आकडा आणि त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. बाळंतपण झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये तपासणीत थोडेफार अंग उतरलेले आढळते, पण फुगवटा लागतो अशी तक्रार करणाऱ्या ३ ते ६ टक्केच असतात. एरवी तो योनिद्वारापर्यंत आल्याशिवाय फारसा जाणवत नाही. ज्या बाईला काहीच त्रास नाही तिला केवळ तपासणीत दिसले म्हणून उपचाराची गरज नसते. हे तिला कोणी स्पष्ट सांगत नाही आणि ती उगाच धास्तावते.

दिवस चढेल तसा

या त्रासाचे सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे तो घड्याळाबरोबर वाढतो. सकाळी उठल्यावर बाई ठीक असते. दुपारपर्यंत ओटीपोट जड होते, कंबर ओढल्यासारखी होते आणि संध्याकाळी स्वयंपाकाला उभे राहिले की दोन पायांच्या मध्ये गोळा लागतो, कपड्याला घासतो. आडवे पडले की तो आत जातो. म्हणूनच सकाळी दहाच्या ओपीडीत, आडवे झोपवून केलेल्या तपासणीत, डॉक्टरांना ‘विशेष काही नाही’ असे वाटू शकते. अशा वेळी ‘मला उभं राहून, जोर करायला लावून बघा’ असे बाईने सांगावे. त्यात संकोचाचे कारण नाही. तपासणीची ती रूढ पद्धत आहे.

दुपारी जेवणानंतर अर्धा तास आडवे होणे, कमरेखाली उशी घेणे किंवा पाय भिंतीला टेकवून वर ठेवणे हा सर्वांत साधा उतारा आहे. मॉडेल कॉलनीतील अय्यंगार योग संस्था १९७५ पासून सुरू असल्यामुळे विपरीत करणी, लोड घेऊन केलेला सेतुबंध ही नावे पुण्यात घरोघरी माहीत आहेत. या आसनांनी वजन काही काळ वरच्या बाजूला सरकते आणि हलके वाटते. त्यांनी उतरलेले अंग कायमचे जागेवर जाते असा दावा कोणी केला तर मानू नये. पण संध्याकाळ सुसह्य होत असेल तर तेवढेही पुष्कळ आहे. अडचण एवढीच की हा अर्धा तास सगळ्यांना मिळत नाही. मंडईत गाळ्यावर बसणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी बाई दुपारी आडवी होणार कुठे? भ्रंशाचा त्रास ज्यांना जास्त, त्यांनाच विश्रांती कमी, हे या विषयातले खरे दुखणे आहे.

ओझे, जिने आणि दुचाकी

भरलेल्या गॅस सिलिंडरचे वजन जवळपास तीस किलो असते आणि पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलोच्या वर जातो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत नळ खाली आणि बिऱ्हाड वर अशी रचना अजून काही ठिकाणी आहे. जिना चढायला हरकत नाही, चालणे तर चांगलेच. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हळूहळू चढणारी बाई स्वतःचे काही बिघडवत नाही. बिघडते ते श्वास रोखून ओझे उचलताना. हंड्याऐवजी दोन छोट्या कळश्या, दोन्ही हातांत सारखे वजन, वस्तू अंगाजवळ धरणे, गुडघ्यातून वाकणे आणि उचलताना श्वास सोडणे, एवढ्याने पोटातला दाब बराच कमी होतो.

पुण्याची म्हणून एक खास गोष्ट दुचाकीची आहे. गाडी डबल स्टँडवर चढवताना पाय दाबून, श्वास रोखून जो हिसका द्यावा लागतो तो नेमका तळाशी बसतो. साइड स्टँड वापरावा. स्पीडब्रेकरवर आपटणाऱ्या गाडीपेक्षा बस बरी, असे काही जणी म्हणतात. बसमध्ये उभे राहावे लागले तर दुसऱ्या जणी नेमके उलटे म्हणतात. दोघींचेही खरे असते, कारण कोणाला हिसका बाधतो आणि कोणाला ताटकळणे.

घरात जमिनीवर बसून भाज्या निवडणे, उकिडवे बसून लादी पुसणे ही कामे फुगवटा वाढवतात. उंच पाटावर किंवा स्टुलावर बसणे आणि लादीला दांड्याचा मॉप वापरणे हा बदल लहान वाटतो, पण गौरी-गणपतीच्या दिवसांत तोच उपयोगी पडतो. अंथरुणातून उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर उठावे. खोकला-शिंक येणार असे वाटताच खालचे स्नायू आवळून धरावेत, किंवा घरी असल्यास हाताने खालून आधार द्यावा. घट्ट बसणारी सुती चड्डी आणि तिच्यात जाडसर पॅड यांनीही घासणे थांबते. कापडाची घडी करून आधार देणे बायका स्वतःच शोधून काढतात. ती स्वच्छ आणि कोरडी असली म्हणजे झाले.

बाळंतिणीचे पोट पट्ट्याने करकचून बांधण्याची पद्धत अजून चालू आहे. पोट आवळले की दाब खाली जातो, त्यामुळे तळ आधीच सैल असेल तर पट्टा सैलसर ठेवणे शहाणपणाचे. शेक, मालिश, अळिवाचे लाडू यांच्याशी भ्रंशाचे काही भांडण नाही; सवा महिन्याच्या विश्रांतीशी तर मुळीच नाही.

शौच आणि लघवी

शौचाला जोर करणे हे अंग उतरण्याचे कारणही आहे आणि परिणामही. गुदाशय पुढे फुगला की मळ त्या खळग्यात अडकतो, कितीही कुंथले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. यावर अनेक जणी जो उपाय मनातल्या मनात लाज बाळगून करतात, तो अगदी योग्य आहे: स्वच्छ बोटाने योनीच्या मागच्या भिंतीला आधार द्यायचा आणि मग शौचाला बसायचे. डॉक्टरही हेच सांगतात. कमोडवर पायांखाली लहान स्टूल घेतले, थोडे पुढे झुकले की जोर कमी लागतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात आतड्याचा मार्ग सरळ होतो हे खरे, पण तिथे फार वेळ उकिडवे बसून राहिले तर फुगवटा जास्तच बाहेर येतो.

ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, फळे, भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल. पुणेकरांना यात नवे काही नाही. नवे वाटेल ते उपवासाचे. आठवड्याला एक वार, शिवाय एकादशी आणि संकष्टी, आणि प्रत्येक वेळी साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे पुढचे दोन दिवस कुंथण्यात जातात. उपवास मोडायची गरज नाही. राजगिरा, रताळी आणि फळे उपवासालाच चालतात.

मूत्राशय उतरले असेल तर लघवी अर्धवट होते. एकदा झाल्यावर उभे राहावे, थोडे हलावे, पुन्हा बसून पुढे झुकावे. उरलेली लघवी होते. फुगवटा बोटाने वर सारल्यावरच लघवी सुटते असेही होते. बाहेर पडल्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि पुन्हा बद्धकोष्ठता होते. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांमध्ये ‘ती’ नावाची महिला स्वच्छतागृहे उभी राहिली ती याच गरजेतून, पण लक्ष्मी रोडवर खरेदीला किंवा विसर्जन मिरवणुकीला जाणारी बाई आजही आधी ओळखीचे दुकान किंवा नातेवाइकाचे घर हेरून ठेवते. पाणी कमी करण्यापेक्षा चहा कमी करावा. अमृततुल्यांच्या शहरात हा सल्ला रुचणारा नाही, पण चहा-कॉफीने मूत्राशय चाळवते.

व्यायाम आणि रिंग

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेला तळाच्या स्नायूंचा व्यायाम आज सर्वत्र सांगितला जातो, आणि बहुतेक ठिकाणी नीट शिकवला जात नाही. वायू आणि लघवी एकाच वेळी अडवल्यासारखे करून आत आणि वर ओढायचे. पोट, मांड्या, नितंब सैल ठेवायचे. श्वास चालू ठेवायचा. आठ-दहा सेकंद धरून तितकेच सैल सोडायचे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुष्कळ बायका आत ओढण्याऐवजी खाली ढकलतात, म्हणून निदान एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेचे मार्गदर्शन पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत किमान १६ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करावा असे आहे. महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणून सोडणे घाईचे ठरते. जडपणा आणि लघवीचा त्रास कमी होतो. बाहेर आलेले मोठे अंग मात्र व्यायामाने आत जात नाही.

त्याला आधार द्यायला रिंग, म्हणजे पेसरी. मऊ सिलिकॉनचे कडे दुमडून, जेली लावून आत सरकवतात. आत गेल्यावर ते उघडते आणि जघनास्थीच्या मागे अडकून भिंतींना वर धरते. बसवल्यावर बाईला चालायला, खोकायला, उकिडवे बसायला आणि लघवी करून यायला सांगतात. रिंग टोचत असेल, सारखी जाणवत असेल किंवा शौचाच्या वेळी पडत असेल तर माप चुकले आहे. दुसरे माप घालून बघायचे. साधी रिंग असताना शरीरसंबंधही ठेवता येतो. ती स्वतः काढून धुऊन परत घालायला शिकता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान सहा महिन्यांतून एकदा दवाखान्यात जावे. विसरलेली रिंग भिंतीत रुतते, जखम करते, क्वचित मूत्राशयात किंवा गुदाशयात भोक पाडते. पाळी गेलेल्या बायकांना सोबत इस्ट्रोजेनचे मलम देतात. रिंग ही ‘म्हाताऱ्यांची सोय’ असे समजून ती धडधाकट बायकांना सुचवलीच जात नाही. अजून मूल हवे असलेल्या, किंवा दहावीतल्या मुलाची परीक्षा होईस्तोवर थांबायचे असलेल्या बाईला तिच्याइतका सोयीचा उपाय दुसरा नाही.

रक्त जाणे, घाण वासाचा स्राव, ताप, लघवी पूर्ण अडणे, बाहेर आलेले अंग आत न जाणे किंवा त्यावर जखम होणे, यांपैकी काही झाले तर थांबू नये. सतत बाहेर राहिलेल्या अंगाला घासून व्रण पडतो. तो भरून येण्यासाठी डॉक्टर अंग आत सारून अ‍ॅक्रिफ्लेविन-ग्लिसरीनमध्ये भिजवलेली पट्टी भरतात.

जुने उपाय आणि शस्त्रक्रिया

सुश्रुतसंहितेत वीस योनिव्यापदांमध्ये, म्हणजे स्त्रीरोगांमध्ये, प्रस्रंसिनीचा, म्हणजे अंग खाली सरकण्याचा, उल्लेख आहे. तेल, शेक, अंग आत सारणे आणि पट्टी बांधणे ही आयुर्वेदातली दिशा आजच्या तात्पुरत्या उपचारापासून फार दूर नाही. प्राचीन ग्रीसमध्ये बाईला शिडीला उलटे बांधून हलवत, आणि आधारासाठी डाळिंबाचे अर्धुक वापरत.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकात शस्त्रक्रिया रुळल्या. तरुण बाईचे गर्भाशय राखून ते वर टांगण्याच्या पद्धतींत मुंबईच्या विठ्ठल नागेश शिरोडकर आणि पुरंदरे यांची नावे जगभरच्या शल्यविशारदांना माहीत आहेत. उतरलेल्या अंगाला आधार म्हणून योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला त्यामुळे जपूनच घ्यावा: सैल पडलेला आधार नीट बांधला नाही तर नुसते गर्भाशय काढून भ्रंश थांबत नाही.

हे सगळे इतक्या उशिरा का कळते याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही विकार आढळला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया ८ टक्केच होत्या. पुण्यात दवाखाने गल्लोगल्ली आहेत. तरी सासू-सुना एकाच घरात तोच त्रास एकमेकींपासून लपवून वागवताना दिसतात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते, खाली बसून कामे करायची नसतात आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नसते. म्हणून तारीख ठरवताना डॉक्टरांच्या सवडीपेक्षा त्या सहा आठवड्यांत पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण बदलणार आणि कामावर बदली कोण जाणार, हेच घरात आधी ठरवावे लागते.